भांगेचा परवाना, भांगेची जाहिरात

प्रस्तावना

बालाघाटहून गोंदियाकडे जाणारा रस्ता राजेगावपाशी बाघ नदी ओलांडतो. नदीच्या अलीकडे मध्य प्रदेश आहे, पलीकडे महाराष्ट्र. दोन्ही काठांवर नातीगोती एक, बाजारहाट एक, सणवारही तेच. कायदा मात्र पुलावर बदलतो. मध्य प्रदेशात आबकारी खात्याचा परवाना घेऊन भांग, भांगघोटा आणि भांगेची मिठाई विकणारे किरकोळ दुकान चालवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणे, विकणे किंवा पिणे हा दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा आहे. गांजा आणि चरस दोन्ही काठांवर सारखेच निषिद्ध आहेत. याच झाडाच्या पानांचा अर्क ‘विजया’ या आयुर्वेदिक नावाने बाटलीत भरून, मोबाइलवर जाहिरात करून, कुरियरने दोन्हीकडच्या घरांत पोचतो.

एका झाडाच्या मालाला असे तीन-चार वेगवेगळे न्याय लागू असतील, तर सामान्य माणसाने काय समजावे? पानठेला चालवणाऱ्याने काय विकावे आणि काय नाकारावे? मुलाच्या दप्तरात रंगीत वेष्टनातली गोळी सापडली, तर आईने ती औषध मानावी की नशा? शाळेच्या मुख्याध्यापकांनी तक्रार कोणाकडे न्यावी : पोलिसांकडे, आबकारी निरीक्षकाकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे की ग्राहक आयोगाकडे? या प्रश्नांची उत्तरे एका जागी, मराठीत आणि सरळ भाषेत मिळावीत, म्हणून हे पुस्तक सिद्ध झाले आहे. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यातला मराठी वाचक आणि पलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्याचा वाचक असे दोघेही ते लिहिताना डोळ्यांसमोर होते.

प्रस्तावनेतच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गांजा-भांगेच्या विक्रीवर आपल्याकडे दीडशे वर्षांच्या आसपास विचार होत आला आहे. कोणी पिकवावे, कोणी साठवावे, कोणाजवळ किती असावे, सरकारला कर किती मिळावा, यांची बारीक चर्चा झाली आणि तिचे कायदे झाले. विकणारा गिऱ्हाइकाला काय सांगतो, कोणते आश्वासन देतो, वेष्टनावर कोणते चित्र छापतो, या बाजूकडे मात्र तेवढ्या गांभीर्याने पाहिले गेले नाही. आज धोका मुख्यतः तिथेच आहे. पुस्तकाचा सगळा रोख या एका मुद्द्यावर आहे : ज्या वस्तूच्या विक्रीला परवाना लागतो, तिच्या जाहिरातीलाही तितक्याच काटेकोर अटी हव्यात.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. झाड एकच. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याच झाडातून निघणारी राळ म्हणजे चरस. पाने वाटून केलेली ती भांग. झाडाच्या खोडापासून वाख मिळतो आणि बियांपासून तेल. उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये तर भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. नशा येते ती टीएचसी या द्रव्याने. ते फुलोऱ्यात आणि राळेत जास्त असते, पानांत कमी, आणि स्वच्छ केलेल्या बीजात नगण्य. सीबीडी हे दुसरे द्रव्य नशा आणत नाही. अमेरिकेत २०१८ साली अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांवर सीबीडीच्या एका औषधाला मान्यता मिळाली. ही मान्यता विशिष्ट आजारांसाठी, विशिष्ट मात्रेसाठी आणि वैद्यकीय चाचण्यांनंतर दिली गेली. जाहिरातदार तिचा हवाला देताना नेमक्या याच अटी गाळतात.

आपल्या मुलखाशी या विषयाचे नाते जुने आहे. बालाघाट जिल्हा १८६७ साली झाला आणि मध्य प्रांताच्या नागपूर विभागात राहिला. त्या प्रांतात गांजाची लागवड मुख्यतः निमाडात, खंडव्याच्या आसपास होत असे. शेतकऱ्याला लागवडीचा परवाना घ्यावा लागे. पीक आले की माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जाई, तिथून परवानाधारक घाऊक व्यापारी तो उचलत, आणि मग तो जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ठेक्यांवर पोचे. मुंबई इलाख्यात असेच मोठे पीक अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, घेतले जाई. शेतापासून चिलमीपर्यंत मालाच्या वाटेवर सरकारचे लक्ष होते, आणि महसूल हे त्या लक्षाचे मोठे कारण होते.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न निघाला आणि त्यातून भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत मध्य प्रांतातले अनुभवी प्रशासक ए. एच. एल. फ्रेझर होते आणि राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग, लाला निहालचंद हे तीन भारतीयही होते. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींचीही त्याने तपासणी केली. वेडाचे कारण गांजा असे ज्या नोंदींत लिहिलेले होते, त्यांतल्या बऱ्याच नोंदी पुरेशा चौकशीशिवाय झाल्याचे दिसून आले. माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि सरसकट बंदीची गरज नाही, हा आयोगाचा निष्कर्ष होता. कर, लागवडीचे केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा, हे चार उपाय त्याने सुचवले.

या अहवालाचे महत्त्व आजही मानले पाहिजे. ऐकीव गोष्टींवर न थांबता पुरावा पारखून घ्यायचा, ही शिस्त त्याने या विषयाला दिली. पण त्याच्या चार उपायांत जाहिरात नाही, आणि ते त्या काळाला धरूनच होते. ठेका गावातल्या सगळ्यांना माहीत असे. माल उघडा आणि नाव नसलेला असे. घेणारा काय घेतो आहे हे जाणून घेत असे. वस्तूवर छाप, घोषवाक्य आणि चेहरा चढवून अनोळखी माणसापर्यंत नेणारा व्यापार तेव्हा या मालाला लागलेला नव्हता. आजच्या आबकारी व्यवस्थेत आयोगाचे चारही उपाय कुठल्या ना कुठल्या रूपात टिकून आहेत, मध्य प्रदेशचा आबकारी कायदाही १९१५ च्या मध्य प्रांताच्या कायद्यातूनच आलेला आहे. त्या आराखड्यात नंतरच्या काळाची भर मात्र पडायची राहिली.

पुढे विषय देशाबाहेर गेला. १९२५ च्या जिनिव्हा करारात भारतीय भांगेचा समावेश झाला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात गांजा आणि राळ कडक नियंत्रणाखाली आली. फुलोऱ्याविना असलेली पाने व्याख्येबाहेर राहिली, आणि भांगेची आपली परंपरा त्या फटीतून टिकली. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तोवर एकाच राजधानीच्या कायद्याने चाललेल्या, नदीच्या दोन्ही काठांवरच्या शेजारी जिल्ह्यांच्या वाटा तिथे वेगळ्या झाल्या.

१९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा केला. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. त्याच्या व्याख्येत चरस, गांजा आणि त्यांचे मिश्रण येते. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग राज्यांच्या हाती राहिली. गांजाच्या बाबतीत एक किलोपेक्षा कमी प्रमाण ‘अल्प’ आणि वीस किलोंपेक्षा जास्त ‘व्यापारी’ मानले जाते. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे आणि किमान एक लाखाचा दंड. वाखासाठी किंवा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची वाटही कलम १४ मध्ये आहे. शिक्षा मुख्यतः मालाच्या वजनावर ठरते. या कायद्यात जाहिरातीसाठी स्वतंत्र कलम नाही.

किती लोकांचा हा प्रश्न आहे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक, म्हणजे दहा ते पंचाहत्तर वयोगटातले २.८ टक्के, गांजा-भांगेचे सेवन करणारे होते. त्यांतले सुमारे २ कोटी २० लाख भांग घेणारे आणि १ कोटी ३० लाख गांजा-चरस घेणारे. काही जण दोन्हींत मोजले गेले आहेत. केंद्रीय कायद्याबाहेर राहिलेली वस्तूच या दोन्हींत देशात जास्त वापरात आहे, एवढे तरी या आकड्यांवरून कळते. तिच्याबाबतची जबाबदारी मुख्यतः राज्यांवर, जिल्ह्यांवर आणि समाजावर येते.

भांगेकडे तुच्छतेने पाहण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही. उज्जैनच्या महाकालाचा भांगशृंगार, महाशिवरात्रीचा प्रसाद, होळीची थंडाई हे श्रद्धेचे आणि सणाचे भाग आहेत. घरातली जाणती माणसे जवळ असताना, वर्षातून एखाद्या दिवशी, थोडी घेतलेली भांग आणि शाळकरी मुलाने रोज गल्लीच्या टोकावरून घेतलेली गोळी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परंपरा आपली मर्यादा सोबत घेऊन चालते. व्यापाराला ती बाहेरून घालावी लागते. म्हणून धर्माचे आणि देवाचे नाव गोळीच्या वेष्टनावर छापून माल खपवणे आम्हाला विशेष आक्षेपार्ह वाटते. श्रद्धेने मिळवलेला विश्वास तिथे दुकानदारीला लावला जातो.

ही गोळी पानठेल्यावर कशी पोचते, हे समजून घेण्यासारखे आहे. मुनक्का म्हणून ओळखली जाणारी भांगेची गोळी आयुर्वेदिक औषध म्हणून तयार होते. औषध कायद्यात उत्पादनासाठी परवाना लागतो, पण आयुर्वेदिक औषधे विकण्यासाठी ॲलोपॅथीच्या दुकानासारखा विक्रीपरवाना लागत नाही. त्यामुळे सुपारी-बिस्किटांच्या शेजारी ती विनाअडथळा ठेवली जाते. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा द्रव्याचे पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर हिंदी आणि इंग्रजीत छापणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. पानठेल्यावर देखरेख करणारा वैद्य कुठून येणार? मराठी किंवा पोवारी बोलणाऱ्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या गिऱ्हाइकाला ती बारीक अक्षरांतली सूचना किती समजणार? कागदावर औषध, व्यवहारात नशा आणि वेष्टनावर ताकद व पचनाची आश्वासने, असा हा तिहेरी व्यवहार आहे.

पोटात घेतलेल्या भांगेचा एक धोका प्रत्येक घराला माहीत असायला हवा. धूर ओढला तर परिणाम काही मिनिटांत जाणवतो. गोळी किंवा घोटा घेतला तर अर्धा तास ते दोन तास लागू शकतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो. छातीत धडधड, भीती, भ्रम, उलट्या सुरू होतात, आणि अशा अवस्थेत मोटारसायकल हाकली तर जिवावर बेततेही. लहान मुलाने मिठाई समजून खाल्ली तर दवाखाना गाठावाच लागतो. एका गोळीत टीएचसी किती आहे हे वेष्टनावर लिहिलेले नसेल, तर अनुभवी माणसालाही अंदाज करता येत नाही.

न्यायालयांपुढेही ही गुंतागुंत आली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा सापडल्याचे प्रकरण जामिनासाठी आले. भांग केंद्रीय कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येते हे दाखवणारे काही समोर नाही, या आधारावर न्यायालयाने जामीन दिला. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा निर्णय समजण्यासारखा आहे. त्यातून निघणारा अर्थ असा, की भांगेबाबत पोकळी राहिली तर ती एनडीपीएसने भरून निघणार नाही. राज्याने आपला आबकारी कायदा, औषध नियम आणि ग्राहक कायदा नीट वापरूनच ती भरावी लागेल.

आता जाहिरातीकडे येऊ. या बाबतीत कायद्याची वाट मुंबईतूनच सुरू होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मादक पदार्थांची वाखाणणी करणाऱ्या, त्यांच्या सेवनाचे आवाहन करणाऱ्या आणि ते देऊ करणाऱ्या मजकुरावर बंदी होती. एफ. एन. बलसारा यांनी त्या कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि मादक पदार्थाची नुसती वाखाणणी करण्यावरची बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द ठरवली. बाकीच्या बऱ्याच तरतुदी टिकल्या. मत मांडणे आणि माल खपवणे यांत फरक करावा लागेल, ही जाणीव त्या निकालाने दिली.

१९५४ साली औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आला. कर्करोग, मधुमेह, अपस्मार अशा आजारांवर अमुक औषध गुणकारी आहे, किंवा त्याने लैंगिक सामर्थ्य वाढते, अशी जाहिरात करणे हा त्याखाली गुन्हा आहे. हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात, १९५९ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निव्वळ व्यापारी जाहिरात ही विचारस्वातंत्र्याच्या गाभ्यात येत नाही. १९९५ साली टाटा प्रेसच्या प्रकरणात न्यायालय पुढे गेले : व्यापारी जाहिरातीलाही घटनेचे संरक्षण आहे, कारण खरी माहिती मिळण्यात ग्राहकाचे हित आहे, मात्र फसवी आणि खोटी जाहिरात रोखता येते. हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की रस्ता दिसतो. भांगेवरच्या धोरणावर लेख लिहिणे, बंदी उठवण्याची मागणी करणे, आयुर्वेदातल्या तिच्या उपयोगांवर विद्वत्तापूर्ण चर्चा करणे हे प्रत्येकाचे स्वातंत्र्य आहे. ‘आमची गोळी घ्या, झोप येईल, ताकद वाढेल’ असे सांगून पैसे कमावणे हा व्यापार आहे, आणि त्याला अटी घालणे घटनेला धरून आहे.

आणखी काही साधने हाताशी आहेत. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४, सिगारेट-दारूबरोबर ‘इतर मादक पदार्थां’च्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातीलाही मनाई करतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, प्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची भलामण करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आड वाटेच्या जाहिरातींना, म्हणजे एका वस्तूच्या नावाखाली दुसऱ्या निषिद्ध वस्तूचा प्रचार करण्याला, मनाई केली. बीजापासूनच्या खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली मानके ठरवली. बियांत टीएचसी प्रति किलो पाच मिलिग्रॅमपेक्षा आणि बियांच्या तेलात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि लेबलावर नशेचा सूचक दावा नको.

दुबळी कडी आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीत आहे. २०१८ साली औषध नियमांत नियम १७० आला. त्याने अशा औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून ती तपासून घेऊन ओळख क्रमांक मिळवणे आवश्यक केले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने हा नियम वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या प्रकरणात ही स्थगिती दिली होती ते प्रकरण बंद केले. आगाऊ तपासणीची व्यवस्था अशी डळमळीत राहणे सर्वच आयुर्वेदिक औषधांसाठी चिंतेचे आहे, आणि विषारी द्रव्यांच्या यादीतल्या भांगेसाठी तर अधिकच. निदान ई-१ अनुसूचीतल्या द्रव्यांच्या औषधांसाठी तरी आगाऊ तपासणी पुन्हा पक्की करावी, ही या पुस्तकाची पहिली मागणी आहे.

विक्रीची पद्धत किती बदलली आहे, हे मध्य प्रदेशानेच देशाला दाखवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिंड जिल्ह्याच्या पोलिसांनी सुमारे वीस किलो गांजासह आरोपींना पकडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हा माल विशाखापट्टणमहून कढीपत्ता किंवा गोड पानांच्या नावाखाली ॲमेझॉन या ऑनलाइन बाजारातून मागवला जात होता, आणि अशा प्रकारे सुमारे एक हजार किलो गांजा विकला गेला असावा. कंपनीच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. कंपनीने आपण तपासात सहकार्य करत असल्याचे सांगितले. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपल्यासाठी धडा असा, की ठेक्यावर जाऊन परवाना तपासणारा आबकारी निरीक्षक या वाटेवर कुठेच येत नाही. मालाचे वर्णन, फोटो, शोधताना दिसणारे नाव, घरपोच डबा या सगळ्या जाहिरातीच्याच पायऱ्या आहेत, आणि विक्री त्यांतच पूर्ण होते. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरी भागातून रस्त्याने आणि रेल्वेने जो गांजा छत्तीसगड-गोंदियामार्गे पश्चिमेकडे येतो, त्याच्यावर पोलिसांची नजर असते. मोबाइलमधून येणाऱ्या मालावर नजर ठेवायला पालक, शिक्षक आणि ग्राहक लागतील.

जगाकडून काय शिकावे? कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजाविक्री खुली केली, पण जाहिरातीवर कडक बंधने ठेवली. प्रसिद्ध व्यक्तींची शिफारस नको, माणूस-प्राणी-कार्टूनची चित्रे नकोत, ऐषारामी जीवनाचे दर्शन नको, तरुणांना भुलवेल असे काही नको. वेष्टन साधे, मुलांना उघडता येणार नाही असे. खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नाही. उरुग्वेने २०१३ चा कायदा करून औषधांच्या दुकानांतून विक्री ठेवली आणि जाहिरात बंद केली. कॅलिफोर्नियात पाहणाऱ्यांपैकी किमान ७१.६ टक्के लोक एकवीस वर्षांवरील असतील अशाच ठिकाणी जाहिरात करता येते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, मात्र सविस्तर कायदा वेळेत केला नाही. शहराशहरांत हिरव्या पानाच्या पाट्या लागल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये सरकारला फुलांच्या विक्रीसाठी वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. ज्यांनी विक्री खुली केली, त्या देशांनीही जाहिरात मोकळी सोडली नाही, आणि ज्याने उशीर केला त्याला मागे फिरावे लागले. टोरांटो किंवा व्हँकुव्हरला शिकणाऱ्या मुलांच्या घरच्यांनीही लक्षात ठेवावे, की तिथे कायदेशीर असलेली गांजाची गोड गोळी भारतात आणणे हा इथे गंभीर गुन्हा आहे.

वाचकांत दोन टोकांची मते असतील. काहींना वाटेल की भांगेवरही पूर्ण बंदी हवी. बंदीने मागणी संपत नाही, ती लपते, आणि लपलेल्या मालावर टीएचसीचे प्रमाण छापले जाईल अशी आशा करता येत नाही. काहींना वाटेल की गांजाही खुला करावा. सोळाव्या लोकसभेत पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी त्या दिशेने खासगी विधेयक मांडले होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात भारताने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिले होते. ही चर्चा प्रामाणिकपणे व्हायला हवी. तिचा निकाल काहीही लागो, जाहिरातीचा प्रश्न त्याआधी सोडवावा लागेल, कारण खुला बाजार आल्यावर उत्पादकांचे बळ इतके वाढते की मग अटी घालणे अवघड होते.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात मागण्या सविस्तर दिल्या आहेत. इथे त्यांचा सारांश देतो. भांग असलेल्या प्रत्येक वस्तूवर टीएचसीचे प्रमाण मोठ्या अंकांत आणि इशारा स्थानिक भाषेत असावा. परवान्यातच जाहिरातीच्या अटी लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे खोटा दावा केला की परवाना जाईल. तंबाखूसाठी शाळेपासून शंभर यार्डांची हद्द आहे, भांगेच्या गोळीलाही ती लागू व्हावी, आणि अल्पवयीनाला ती विकणे स्पष्टपणे दंडनीय असावे. देवांची नावे-चित्रे आणि मुलांना आवडणारी रंगीत चित्रे वेष्टनावरून जावीत. बालाघाट आणि गोंदिया या दोन जिल्हा प्रशासनांनी ठरावीक काळाने एकत्र बसून या मालाची देवाणघेवाण, तक्रारी आणि जाहिराती तपासाव्यात. स्थानिक वृत्तपत्रांनी आणि केबल चालकांनी असे दावे असलेल्या जाहिराती स्वतःहून नाकाराव्यात.

पहिल्या भागात कायद्यांचा मजकूर सोप्या मराठीत आहे, दुसऱ्यात वेष्टन कसे वाचावे हे, आणि तिसऱ्यात तक्रार कोणाकडे, कशी करावी याचे नमुने. पानठेला चालवणाऱ्या भावांनी दुसरा भाग आवर्जून वाचावा. त्यांना शत्रू मानून हे लिहिलेले नाही. कंपनीच्या खोट्या दाव्याचा पहिला फटका अनेकदा गल्लीतल्या छोट्या विक्रेत्यालाच बसतो. शिक्षकांनी आणि बचतगटातल्या महिलांनी तिसरा भाग बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि गावात अशी एखादी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून, तारीख लिहून, त्यातल्या नमुन्याप्रमाणे तक्रार करावी. कायदा बऱ्याच अंशी आहे. तो वापरणारी माणसे वाढली, तर उरलेला भाग करवून घेण्याचे बळही याच गावांतून उभे राहील, असा आमचा विश्वास आहे.